कॉलनी वाचवा, चालणाऱ्यांपासून

तुमच्या कॉलनीत म्हणे फूटपाथ होणार, जुन्या बंगल्यांच्या जागी सहा-सहा मजले चढणार आणि दूध-भाजी, दवाखाना, शाळा सगळं पायी जाण्याच्या अंतरावर येणार, अशी कुणकुण तुम्हाला लागली असेल तर हातपाय गाळू नका. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला आमची कॉलनी आहे. तिथल्या जागरूक रहिवाशांनी गेल्या रविवारी देवळाच्या हॉलमध्ये बैठक घेतली आणि हे संकट कसं परतवायचं ते ठरवलं. चहा-भडंगाची सोय होती. वीस-पंचवीस माणसांसाठी माईकही होता. मागच्या खुर्चीत बसून मी जे टिपून घेतलं ते इतर कॉलन्यांच्याही कामी यावं म्हणून इथं देतोय. श्रेय आमच्या कॉलनीला दिलंत तर बरं.

सगळ्यात आधी, काही वाचू नका. आराखडा, नकाशा, नियमावली, काहीच नाही. वाचलं की शंका येते आणि शंका आली की आवाज चढत नाही. आमच्याकडं एका भल्या गृहस्थानं "नेमकं काय होणार आहे, कुणी बघितलंय का?" असं विचारलं. "तुम्ही त्यांच्याकडचे काय ओ?" असं म्हणून त्यांना खाली बसवण्यात आलं. त्यांच्याकडचे म्हणजे कुणाकडचे, हे त्यांना कळलं नाही, मलाही कळलं नाही. पण काम झालं.

वाचण्याऐवजी फॉरवर्ड करा. कार्लोस मोरेनो नावाच्या पॅरिसच्या एका प्राध्यापकानं 'पंधरा मिनिटांचं शहर' अशी कल्पना मांडली. रोजच्या गरजा घरापासून पंधरा मिनिटं चालून किंवा सायकलवरून भागाव्यात, एवढीच ती गोष्ट. २०२३ साली इंग्लंडात ऑक्सफर्डला काही मंडळी यावरनं रस्त्यावर उतरली, कारण त्यांना वाटलं की आता सरकार आपल्याला आपल्याच वॉर्डात डांबणार. तो मजकूर फिरत फिरत आमच्या ग्रुपवर येऊन पोचला. मिरजेला माहेरी जायचं तर पास काढावा लागेल का, असं एका काकूंनी विचारलं. त्यांना कुणी हसलं नाही. दोघांनी तर अंगठ्याचं लाइक टाकलं.

बाहेरच्या लोकांचा मुद्दा आवर्जून घ्या. 'बाहेरचे' कोण ते मात्र नीट ठरवून घ्यावं लागतं, कारण आमच्या बैठकीतले निम्मे लोक २००५ च्या महापुरानंतर जुन्या सांगलीतले गावभाग, खणभाग सोडून इकडं आलेले. तेव्हा इथं पत्र्याची चार घरं आणि उसाचं रान होतं, आणि त्या चार घरांना आपण सगळे बाहेरचेच होतो. पण बंगला बांधून वास्तुशांत झाली की माणूस मूळ रहिवासी होतो. फ्लॅट घेणारा होत नाही. फ्लॅट घेणाऱ्यांचा लोंढा येतो.

आणि हो, गावभागाच्या आठवणी काढायला विसरू नका. आमच्या वाड्यात आठ बिऱ्हाडं होती, एकच नळ होता, पण काय ती आपुलकी! घाट पायी, गणपतीचं देऊळ पायी, शाळा पायी, लग्नाचा बस्ता हरभट रोडला पायी जाऊन बांधला, घरात साधी सायकलसुद्धा नव्हती. हे सगळं ओल्या डोळ्यांनी सांगून झालं की लगेच पुढच्या वाक्यात म्हणायचं, दाट वस्तीनं संस्कृती बिघडते. मध्ये श्वास घ्यायचा नाही. घेतला तर समोरच्याला विचार करायला वेळ मिळतो.

झाडांचा कळवळा आणा. कार-शेडसाठी स्वतःच्या दारातला गुलमोहर कधी पाडला, ते कुणी विचारत नाही.

कॉलनीत दुकान नको म्हणा. गर्दी होते, टपोरी उभे राहतात. पाव संपला की गाडी काढून मार्केट यार्डाकडं जायचं, आणि येताना इथल्या ट्रॅफिकबद्दल बोलायचं.

एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण, हा शब्द निदान दहा वेळा उच्चारा, पण आकडा सांगू नका. आकड्यानं भीती उतरते. २०२० च्या डिसेंबरात राज्यातल्या बहुतेक शहरांना मिळून जी एकच बांधकाम नियमावली लागू झाली, तिच्यात आपल्यासारख्या महापालिकांना मूळ एफएसआय १.१ दिलाय. त्यावर पैसे भरून जादा एफएसआय (प्रीमियम) घ्यायचा किंवा दुसऱ्या जागेचा बांधकाम-हक्क (टीडीआर) आणून चढवायचा, तर प्लॉटपुढचा रस्ता निदान ९ मीटर रुंद लागतो. रस्ता जसा रुंद तशी परवानगी वाढत जाते. ३० मीटरच्या रस्त्यावर ती तीनपर्यंत पोचते. म्हणजे उंच इमारती मोठ्या रस्त्याला आणि बोळात बेताचं बांधकाम, असा तो सरळ हिशेब. पण "आपल्या गल्लीत दहा मजले!" या वाक्याला जी टाळी पडते ती हिशेबाला पडत नाही. रविवारी दोनदा पडली.

आता गल्लीचा विषय निघालाच आहे. आमची गल्ली ले-आउटच्या नकाशात ९ मीटरची आहे. मी टेप लावून मोजली. गाड्या उभ्या असताना साडेतीन भरली. बाकीची कुठं गेली? सांगतो. आधी कंपाउंडची भिंत हातभर पुढं आली. मग गेटपुढं दोन पायऱ्या आल्या. मग गटारावर फरशी टाकून त्यावर चौकड्यांच्या टाइल्सचा रॅम्प, कारण नवी गाडी खाली घासते. रॅम्पच्या कडेला काळे-पिवळे पट्टे, जणू रस्ते खात्यानंच बांधून दिलाय. रॅम्पच्या टोकाला दोन लोखंडी पाइप रोवून साखळी लावली, साखळीच्या आत कुंड्या, आणि साखळीच्या बाहेर, म्हणजे भर रस्त्यात, कापड घातलेली दुसरी गाडी. तिच्या मागं-पुढं दोन-दोन विटा, आपण गावाला गेलो तरी दुसऱ्या कुणी तिथं लावू नये म्हणून. गटार साफ करायला माणूस आला तर त्याला खोरं घालायला फट सापडत नाही. मग गटार तुंबतं. मग पालिकेच्या नावानं शंख.

फूटपाथवर चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा पाहिजे, असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. आमच्याकडं तेवढी रुंदी एकटा रॅम्प खातो. ज्यांचा रॅम्प सगळ्यात लांब, त्यांनीच रविवारी माईक हातात घेतला आणि विचारलं, "फूटपाथ, फूटपाथ लावलंय, पण चालतंय कोण?"

हशा पिकला.

चालतंय कोण? शाळेची पोरं चालतात, पाठीवर त्यांच्या वजनाची दप्तरं घेऊन. तुमच्याच घरची धुणी-भांडी करायला दोन वेळा जी बाई येते ती चालत येते, वडापनं कोपऱ्यावर उतरून. तुमचा वॉचमन चालत येतो. डॉक्टरांनी साखर आटोक्यात ठेवायला सांगितल्यावर तुम्ही स्वतः चालता, पण त्यासाठी गाडी काढून ग्राउंडवर जाता! आणि माझी आई चालते. वय ७८. घर ते देऊळ, देऊळ ते घर, एवढंच तिचं जग राहिलंय. परवा संध्याकाळी तुमच्या साखळीला वळसा घालून ती रस्त्यात उतरली आणि मागनं आलेल्या दूधवाल्याच्या मोटारसायकलचा कॅन तिच्या कोपराला घासून गेला. कातडी निघाली. दूधवाला बिचारा थांबला, दहा वेळा चुकलं म्हणाला. तुम्ही गॅलरीत उभे होता. वरनं काय म्हणालात? "आजी, कडेनं चालत जावा की."

कडेला तुमची गाडी होती, साहेब.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अडथळ्याविना फूटपाथ वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जगण्याच्या! हे मी बैठकीत सांगायला उठलो, तोवर माईक दुसऱ्याकडं गेला होता आणि पार्किंगचा मुद्दा सुरू झाला होता. पहिला मुद्दाही पार्किंगचाच होता, म्हणा.

असो. सल्ले द्यायचे होते.

मुलाकडं पुण्याला गेलात की जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फूटपाथवरच्या बाकावर बसून फोटो काढा, स्टेटसला ठेवा आणि परत आल्यावर "आपल्या सांगलीत हे चालणार नाही" असं म्हणा.

निवेदनावर ज्येष्ठ नागरिकांच्या सह्या जास्त घ्या. त्यांना चालता येत नाही या मुद्द्याला वजन येतं.

आणि शेवटचा सल्ला, नदीचं नाव काढू नका. हा आमच्या कॉलनीनं फारच कसोशीनं पाळला. दोन तास बैठक चालली, कृष्णा एकदाही आली नाही.

आता सल्ले पुरे.

अहो, विचारायला खरे प्रश्न किती होते! सहा मजल्यांचा मैला कुठल्या पाइपातनं जाणार? आत्ताच्या चार घरांत चेंबर उलटं येतंय. शेरीनाल्याची घाण नदीत जाते म्हणून किती वर्षं ओरडतोय आपण, त्यात ही भर कुठं घालणार? दुसऱ्या मजल्यावर मोटार लावल्याशिवाय पाणी चढत नाही, तिथं सहाव्याला काय टँकर लावणार? बंगल्यांखालचे जुने ओढे-नाले कुणी बुजवले आणि त्यांचं पाणी आता कुठं जातं? आगीचा बंब या गल्लीत वळतो का? (साखळ्यांमुळं आजही वळत नाही, पण ते राहू दे.) यातला एक प्रश्न तरी कुणी काढला? विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत द्यावी लागते, १९६६ च्या नगररचना कायद्यात तशी सोय आहे, सुनावणी होते, समोर बसून बोलता येतं. एवढं हत्यार हातात असून तुम्ही त्यानं काय वाचवणार, तर साखळी!

आणि नदीचं नाव मी काढणारच. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आपल्या कॉलनीत आलं नाही, कारण आपण उंचावर आहोत. दोन वर्षांनी परत महापूर आला, तेव्हाही आलं नाही. मग या शहरात मजले चढवायचे तर कुठं चढवायचे? पुरात बुडणाऱ्या दत्तनगरात? काकानगरात? उंचावरच्या जमिनीवर आपण दुमजलीच्या वर कुणाला जाऊ द्यायचं नाही म्हणतो. मग ज्याच्या खिशात गुंठाभर जागेचेच पैसे आहेत, तो खाली जातो. शामरावनगरात दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, काळ्या मातीत चप्पल रुतून बसते, पोरांना शाळेत खांद्यावर बसवून न्यावं लागतं, हे कुणाला माहीत नाही? तिथं गुंठा घेणारा माणूस मूर्ख नव्हता. त्याला वर परवडणारं घरच नव्हतं. २००१ साली गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट, नियमित करायला वेगळा कायदा करावा लागला, तो हौसेनं केला काय? घरं दाखल्यावर नियमित झाली. पाणी दाखला बघून थांबत नाही.

२०१९ ला ती माणसं आपल्याकडंच आली होती. मंगल कार्यालयात सतरंज्यांवर झोपली. आपण पोळ्या लाटल्या, भाजी केली, जुनी स्वेटरं दिली, सगळं मनापासून केलं, ते मी नाकारत नाही. फोटोही काढले. तेव्हा ते पूरग्रस्त बांधव होते. आता तोच बांधव कर्ज काढून तुमच्या शेजारी चौथ्या मजल्यावर राहायला आला तर तो लोंढा? तुमच्या बाल्कनीवरनं त्याला तुमची बाग दिसेल म्हणून त्यानं दर दोन-चार वर्षांनी गॅसची शेगडी माळ्यावर चढवून ठेवायची?

लाज वाटली मला रविवारी. बिल्डरची वकिली करत नाही मी. त्यातले बरेच पार्किंग कागदावर दाखवून तिथं गाळे काढणारे आहेत, त्यांना धरा, माझी ना नाही. ड्रेनेज आधी, मजले नंतर, असं लिहा. पाण्याची लाइन आधी टाका, असं लिहा. निळ्या पूररेषेच्या, म्हणजे पुराच्या पट्ट्याच्या, आत एक वीट रचायची नाही आणि रचलेली दिसली तर अधिकाऱ्याला जबाबदार धरायचं, असं लिहा. पहिली सही मी करतो, झेरॉक्सचे पैसे मी देतो. पण तुमच्या दुसऱ्या गाडीची जागा राहावी म्हणून माझ्या दारात सहीला येऊ नका. आणि यायचंच असेल तर गल्लीतनं चालत या, सात वाजता, दूधवाल्याच्या वेळेला.