तोराक, रेन आणि आमचा गिरणाकाठ

मुलांच्या पुस्तकात जादू आहे असं कळलं की बरीच मोठी माणसं ते पुस्तक न उघडताच बाजूला ठेवतात. जादूटोणा, भुतंखेतं, पोरांचा वेळ जातो, परीक्षेला येतं का हे? मला या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट आणि सविस्तर द्यायचं आहे, कारण सध्या माझ्या दोन्ही भाच्यांना मी जी मालिका वाचून दाखवतोय तिच्याइतका आनंद मला स्वतःला फार थोड्या पुस्तकांनी दिलाय. मिशेल पेव्हर या लेखिकेची 'क्रॉनिकल्स ऑफ एन्शंट डार्कनेस'. पहिलं पुस्तक 'वुल्फ ब्रदर' 2004 साली आलं, सहावं 2009 साली, आणि त्या सहाव्याला 2010 चं 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राचं बालसाहित्याचं पारितोषिक मिळालं. पुढे 2020 ते 2022 या काळात आणखी तीन पुस्तकं आली.

गोष्ट सहा हजार वर्षांपूर्वीची आहे. युरोपच्या उत्तरेकडची घनदाट जंगलं, शेती अजून तिथवर पोचलेली नाही. माणसं कुळाकुळांनी राहतात, शिकार करतात, मासे धरतात, ऋतू बदलला की मुक्काम हलवतात. प्रत्येक कुळाचा एक प्राणी. हे आमच्या पोरांना समजावून सांगावंच लागलं नाही. लग्नात देवक बसवताना त्यांनी पाहिलंय, आपलं देवक काय आणि मामाकडचं काय हे त्यांना ठाऊक आहे. तोराक हा बारा वर्षांचा मुलगा लांडग्याच्या कुळातला. त्याच्या बापाला एक अस्वल मारतं, आणि ते साधं अस्वल नसतं, त्याच्यात कुणीतरी दुष्ट शक्ती घातलेली असते. मरता मरता बाप पोराकडून एका पर्वतापर्यंत जायचं वचन घेतो. वाटेत तोराकला पुरात आईबाप गेलेलं लांडग्याचं पिल्लू भेटतं, आणि पुढे कावळ्याच्या कुळातली, तिरंदाजीत तरबेज असलेली रेन नावाची मुलगी. यापुढची गोष्ट मी सांगत नाही.

मला सांगायचंय ते हे की, या पुस्तकातली जादू खरी वाटते, कारण तिच्याखालचं सगळं खरं आहे. लेखिका फिनलंडच्या जंगलातून घोड्यावरून फिरली, रेनडिअरच्या कातड्यावर झोपली, लांडग्यांच्या सहवासात राहिली. ते पानापानांत दिसतं. तोराक हरीण मारतो तेव्हा गोष्ट पुढे पळत नाही, तिथेच थांबते. कातड्याचं काय करायचं, स्नायूंचा दोरा कसा काढायचा, पोटाची पिशवी करून पाणी कसं न्यायचं, हाडं-शिंगं कशाला लागतात, हे सगळं तो करतो, आणि आपण त्याच्या शेजारी बसून बघतो. जीव घेतला तर त्यातलं काही वाया घालवायचं नाही, आणि ज्याचा घेतला त्याला मान द्यायचा, हा त्या जंगलाचा कायदा आहे. आमचा धाकटा ताटात भाकरीचा तुकडा टाकून उठायचा. आता उठत नाही असं मी म्हणणार नाही, पण उठताना बघतो आणि कधीकधी परत बसतो.

विस्तवाचं उदाहरण घ्या. ही माणसं झाडाच्या खोडावर उगवणारी कडक अळंबी धुमसत ठेवून विस्तव सोबत नेतात. मला आधी वाटलं हे लेखिकेनं रचलं असेल. पण 1991 साली आल्प्समध्ये बर्फात सुमारे 5,300 वर्षांपूर्वीचा जो माणूस सापडला, ज्याला ओत्झी म्हणतात, त्याच्याजवळ नेमकी तीच अळंबी होती आणि भूर्जाच्या सालीचं भांडंही होतं. म्हणजे कल्पनेतल्या पोराच्या हातात जे आहे ते कुणाच्या तरी खऱ्या हातात होतं. हे मी पोरांना सांगितलं त्या रात्री दोघांनाही झोप येईना.

आणि मग माझे आजोबा आठवले. त्यांच्या बंडीच्या खिशात चकमकीचा बटवा असायचा: पोलादाची पट्टी, गारगोटीचा तुकडा, आणि सावरीचा कापूस कोंबलेली नळी. माचिस घरात असायची तरी बिडी चकमकीवरच पेटायची. ठिणगी कापसात पडली की ते नुसती फुंकर घालत नसत, नळी तळहाताच्या आडोशाला धरून हलकेच श्वास सोडत. पोरांना हे सांगताना माझ्या लक्षात आलं की तोराकचं जग सहा हजार वर्षं लांब असलं तरी त्याचं एक टोक आमच्या आजोबांच्या खिशात होतं.

उन्हाळ्यात आम्ही वाचतो ते धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर. दिवसभर खाली भट्टी असते, रात्री वर खाटा टाकल्या की गिरणा नदीकडून जरा वारा येतो. मी इंग्रजीतून वाचतो आणि बोलतो मराठीत, मध्ये मध्ये अहिराणी येतेच. पान उलटायला उशीर झाला की लगेच, "मामा, मंग काय व्हयनं?" दिवसा नदीच्या कोरड्या पात्रातून दोघांनी पांढऱ्या गारगोट्या गोळा करून आणल्या होत्या. एका रात्री अंधार करून मी त्यांना दोन गारगोट्या एकमेकींवर जोरात घासायला सांगितलं. दगडाच्या आत फिकट उजेड चमकतो, बाहेर ठिणगी उडत नाही, दगडच क्षणभर उजळतो. आणि नाकाला जळकट वास येतो. त्या उजेडानं कापूस पेटत नाही, त्याला लोखंड हवं किंवा लोखंडाचा अंश असलेला दगड हवा. हे त्यांनी अर्धा तास खटपट करून स्वतःच ताडलं. विज्ञानाच्या पुस्तकातला कुठला धडा त्यांनी इतक्या मन लावून केलेला मी पाहिला नाही.

या मालिकेतला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे लांडग्याची प्रकरणं. काही प्रकरणं थेट त्या पिल्लाच्या बाजूनं सांगितलेली आहेत. त्याला जग आधी नाकानं कळतं, मग कानानं, आणि डोळ्यानं सगळ्यात शेवटी. माणसाचं वागणं त्याला कोड्यासारखं वाटतं. आमच्याकडे लांडगा म्हटलं की एकच गोष्ट, 'लांडगा आला रे आला', आणि त्यात लांडगा नुसता यायचा असतो, त्याला स्वतःचं काही म्हणणं नसतं. साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन फिरतात, त्यांचं कोकरू लांडग्यानं नेलं तर ते नुकसान खरं असतं, त्यावर मी पुस्तकातलं शहाणपण सांगणार नाही. पण आमच्या माळरानावरचा लांडगा त्या उत्तरेच्या लांडग्यापेक्षा अंगानं लहान, केसांनी विरळ, उन्हाला सरावलेला आहे आणि तो अजून आहे, हे आमच्या पोरांना या पुस्तकामुळे पहिल्यांदा महत्त्वाचं वाटलं. थोरल्या भाचीनं मला विचारलं, आपल्या लांडग्याला रात्री कसला वास येत असेल? मग आम्ही तिघांनी मिळून ठरवलं: भिजवलेल्या केळीच्या बागेचा, कपाशीवर मारलेल्या औषधाचा, मेंढ्यांच्या वाड्याचा, हायवेवरच्या डिझेलचा. तिनं ते वहीत लिहून ठेवलंय.

आता मुद्द्याचं बोलतो. आमच्या मुलांसाठी भूतकाळ म्हणजे राजे आणि किल्ले. मला त्यांचा अभिमान आहे, त्यात वाद नाही. पण त्याच्या आधी काय होतं असं विचारलं तर आपण 'आदिमानव' असा एक शब्द टाकतो, झाडाखाली बसलेला केसाळ माणूस दाखवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. त्या माणसाला भीती वाटत होती का, त्याची पोरं भांडत होती का, त्याला मित्र होता का, हे काहीच नाही. या मालिकेत सिंहासन नाही, सैन्य नाही. कुळांना प्रमुख असतात, पण प्रमुखाचं ऐकायचं ते त्याला जंगल कळतं म्हणून. तोराक मोठा ठरतो तो पाऊलखुणा वाचता येतात म्हणून, वारा कुठून येतो हे ठाऊक असतं म्हणून. असा नायक आमच्या पोरांना फार कमी भेटतो.

आणि खान्देशात बसून हे वाचताना एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. चाळीसगावजवळ पाटणे आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला आपण सगळे जातो, भास्कराचार्यांचं नाव घेतो, धबधबा बघतो आणि परत येतो. त्याच पाटण्याला 1972-73 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. तिथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, आणि कवचाचा एक तुकडा, ज्यावर समांतर रेघांच्या मध्ये जाळीसारख्या तिरप्या रेघा कोरलेल्या आहेत. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. तोराकच्या चौपट जुना! शहामृग, आणि तेही आपल्याकडे! देशात सापडलेल्या अशा जुन्या कवचांमधला डीएनए तपासून हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवून दिलं की तो पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाच्याच जातकुळीचा होता.

जरा विचार करा. कुणीतरी सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी बसून, अंड्याचं कवच फोडून, त्याचे बारीक तुकडे घासून घासून गोल केले, टोकदार दगडानं भोकं पाडली आणि ओवले. कवच ठिसूळ असतं, भोक पाडताना निम्मे तरी फुटले असतील. त्यातला एखादा मणी पोराच्या गळ्यात असेल. त्या पोराची गोष्ट कुणी का लिहू नये? त्याच्याभोवती लांडगे होते, दुष्काळ होता, आकाश होतं, आणि उत्तरेच्या बर्फापेक्षा काहीतरी वेगळं भय असणारच. पुढच्या काळाचं तर विचारूच नका. तापीकाठचं सावळदा, ज्याच्या नावानं चार हजार वर्षांपूर्वीची एक अख्खी संस्कृती ओळखली जाते, गिरणाकाठचं बहाळ, तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशे. आपण प्रकाशाला दक्षिणकाशी म्हणून जातो, पण तिथेच 1950 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी खणून थराखाली थर दाखवले, हे किती पोरांना ठाऊक आहे? सामग्री सगळी आपल्या दारात आहे. लिहिणारा हवा, आणि त्यानं पेव्हरबाईंसारखं आधी माळरानावर झोपून पाहायला हवं.

एक मात्र बजावून सांगतो. असं लिहिणाऱ्यानं सातपुड्यातल्या पावरा किंवा भिल्ल माणसाकडे बोट दाखवून 'हेच ते आदिमानव' म्हणू नये. ते आजचे लोक आहेत, मोबाईल वापरतात, मतदान करतात, वनहक्कासाठी भांडतात. त्यांच्याकडे जंगलाचं जे ज्ञान आहे, मोहाची फुलं कुठल्या वेळी वेचायची, वाघदेवाला का पुजायचं, ते त्यांनी आजवर सांभाळलेलं आणि वाढवलेलं ज्ञान आहे. ते विचारायचं तर शिष्य होऊन विचारावं आणि पुस्तकात त्यांचं नाव घालावं. मला खरं तर तिकडच्याच एखाद्या मुलीनं अशी मालिका लिहिलेली वाचायची आहे.

मालिकेत सगळंच सारखं उत्तम आहे असं नाही. दुष्ट मांत्रिकांची टोळी पुढच्या पुस्तकांत जरा त्याच त्याच वळणानं येते, आणि दुसरा भाग मध्यावर थोडा रेंगाळतो. तिसरा मात्र, जो बर्फाच्या प्रदेशात घडतो, तो जळगावच्या मे महिन्यात वाचावा असाच आहे.

ज्यांना घरी वाचायचंय त्यांच्यासाठी: साधारण नऊ-दहा वर्षांपासून पुढे चालेल. क्रम मोडू नका, पहिल्यापासून सुरू करा. पहिलं प्रकरण मोठ्यांनी सोबत बसून वाचावं, कारण बापाचा मृत्यू तिथेच होतो आणि लेखिका त्यात काही लपवत नाही. आमच्याकडे त्या रात्री थोडं रडणं झालं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत दोघं पुस्तक घेऊन धाब्यावर जाऊन बसली होती. इंग्रजी अवघड वाटलं तर थेट मराठीत, अहिराणीत, जशी येईल तशी सांगत जा. पहिली तीन पुस्तकं माझ्याकडे आहेत, चाळीसगाव किंवा पाचोऱ्याच्या आसपास कुणाला हवी असतील तर घेऊन जा, मात्र सुट्टी संपायच्या आत परत आणा.