‘पाणी गळतंय आणि म्हणे डोळे कोरडे!’ – या प्रतिक्रियेला उत्तर

ताई (नाव टाकलं नाहीत, म्हणून ताई म्हणते), गरोदरपणात डोळे कोरडे पडतात त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. मी खरं तर सोडून देणार होते, पण ते “पाणी गळतंय आणि म्हणे डोळे कोरडे! गुगल करून काहीही लिहायचं आणि बायकांना घाबरवायचं” हे वाक्य काही डोक्यातून जाईना. शंका आहे ना, मग सरळ विचारा की, इथे विचारणाऱ्या प्रत्येकीला मी उत्तर देते. पण ते ‘म्हणे’ कशाला? वर उद्गारचिन्ह!

तर, डोळ्यावर अश्रूंचा जो थर असतो तो म्हणजे नुसतं पाणी नव्हे. आतून डोळ्याला धरून ठेवणारा चिकट स्राव, मग पाणी, आणि वरून तेलाचा पातळ पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींमधून येतं. ते कमी पडलं की पाणी भराभर उडून जातं, डोळा चुरचुरतो, आणि चुरचुरला की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते पाणी डोळ्यावर टिकतच नाही, गालावर येतं. म्हणजे पाणी गळणं हे कोरडेपणाचंच लक्षण असू शकतं, कळलं? गरोदरपणात हार्मोन्स खालीवर होतात त्याचा या सगळ्यावर परिणाम होऊ शकतो. सगळ्यांना होतोच असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा.

आणि गुगलचं म्हणाल तर, माझ्या दुसऱ्या वेळी मी हे भोगलंय हो. पाचव्या महिन्यात लेन्स डोळ्यात ठरेनात, संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि स्क्रीनकडे पाहिलं की धार लागायची. डॉक्टरांनी खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं, शिर्मर टेस्ट म्हणतात त्याला. १० मिलिमीटरच्या वर भिजली तर साधारण ठीक धरतात, ५ च्या आत राहिली तर कोरडेपणा. माझी छान भिजली! मला वाटलं सुटले. मग त्यांनी डोळ्यात पिवळा रंग लावला, निळ्या उजेडात पाहिलं आणि म्हणाले पापणी मिटू नका. १० सेकंद तरी टिकायला हवा तो थर चार-पाच सेकंदांत फाटत होता. पाणी भरपूर आणि तरी कोरडे डोळे, हे माझ्याच रिपोर्टवर होतं. आता बोला.

बाकीचं पटकन. ड्रॉप्सची नावं देणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा, आणि डोळ्यांची लाली घालवणारे ड्रॉप्स मनाने आणून घालू नका, एवढं लेखातही आहे. “नंबर बदलला तर नवा चष्मा का नको” म्हणता, तर गरोदरपणात बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची जाडी आणि गोलाई बदलू शकते, बाळंतपणानंतर ती बहुतेक वेळा पूर्ववत होते, म्हणून थांबा म्हटलं. लेख लांब झालाय, बरं, झालाय.

राहिलं बीपीचं. “अंधुक दिसलं तर बीपी बघा हे तुम्ही तळाशी एका ओळीत उरकलंत.” ओळ होती, तळाशी होती, मान्य. आता ती सगळ्यात वर घेतलीय: २० आठवड्यांनंतर अंधुक दिसणं, डोळ्यांपुढे चमकणं, डोकं खूप दुखणं असलं काही झालं तर ड्रॉप्स घालून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा, आणि बीपी १४०/९० किंवा वर असेल तर अजिबात थांबू नका. तुमच्या सांगण्यावरून वर घेतली असंही तिथे लिहिते, पण मग नाव तरी टाका, निनावी ताईंचे आभार कसे मानायचे?