मातीचा दाखला

(क्रीडापटांचं आपल्याकडे फाजील कौतुक होतं, अशा अर्थाचा लेख मी मागच्या आठवड्यात लिहिला होता. त्यावर एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली. उत्तर तिथेच लिहायला बसलो, पण ते लांबत गेलं, म्हणून इथे वेगळं देतोय.)

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रात्री पावणेदोनला आलेली दिसते. मी ती सकाळी वाचली आणि हातातला चहा निवून गेला. तुमचे एकूण सहा मुद्दे आहेत, मोजले मी. त्यातला सहावा आधी घेतो, कारण तो तुम्ही शेवटी लिहिला असलात तरी बाकीचे पाच त्याच्यासाठीच रचले असावेत असा मला दाट संशय आहे. तो असा: "ज्याने जन्मात कधी अंगाला मैदानाची माती लावली नाही, त्याने पंख्याखाली बसून खेळावरच्या सिनेमांना नावं ठेवू नयेत."

त्याआधी एक चूक कबूल करतो, म्हणजे मी हट्टी आहे असं कुणाला वाटायला नको. 'दंगल'बद्दल लिहिताना कुस्तीपटू गीता फोगाटचा वजनगट मी ५१ किलो लिहिला होता. तो ५५ किलो हवा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतलं तिचं सुवर्ण त्या गटातलं. लेखात दुरुस्ती केली आहे, खाली तुमचे आभारही मानले आहेत. पण ही चूक दाखवताना "एवढंही माहीत नसेल तर" असं वाक्य सुरू करून पुढे तुम्ही तीन टिंबं दिलीत. टिंबांत माणूस काय काय लिहितो ते मला कळतं. मीही देतो कधी कधी.

आता माती. सिनेमावर बोलायला मातीचा दाखला लागतो हे मला नवीन आहे. उद्या तमाशापटावर लिहिलं तर पायात घुंगरू बांधल्याचा दाखला मागाल. ऐतिहासिक सिनेमावर लिहिलं तर निदान एक गड सर केल्याचा. आणि पंख्याचं म्हणाल, तर आमच्याकडे दुपारी दोन ते पाच लाइट नसते. असो.

पण विचारलंच आहे तर ऐका. मी सात वर्षं खो-खो खेळलो. शाळेत चार, कॉलेजात तीन. आमचं मैदान मुरमाचं होतं. सूर मारला की कोपराचं सालपट मैदानावर आणि मैदानातला मुरूम कोपरात. डाव्या गुडघ्याखालची खूण अजून आहे, फोटो मात्र टाकणार नाही. आक्रमणात मी बेताचा होतो, संरक्षणात, म्हणजे पाठलाग चुकवत पळण्यात, बरा. पहिल्या तुकडीत पळायचो. एक मिनिट चाळीस सेकंद ही माझी सगळ्यात चांगली पळती. ज्यांना खो-खो माहीत आहे त्यांना यात किती दम लागतो ते कळेल. तुम्हाला कळेल असं धरून चालतो.

१९९३ साली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो. शेवटच्या डावात आमच्या तुकडीनं तीन मिनिटं काढली असती तर सामना आमचा होता. मी नऊ सेकंदांत बाद झालो. खांबावर मारलेला सूर नाही, हुलकावणी नाही, काही नाही. पाटी ओलांडून आत वळलो, पाय घसरला. समोरचा पोरगा अक्षरशः दोन पावलं चालत आला आणि रांगेतल्या माणसाला पुढे सरका म्हणावं तसा पाठीला हात लावून गेला. शिट्टी वाजली. आमचे सर तेव्हा टेबलापाशी एसटीच्या भाड्याच्या पावतीवर सही घेत होते. त्यांनी पाहिलंच नाही. परत येताना गाडीत निम्मी पोरं झोपली, उरलेली शेंगा फोडत बसली. मला कुणी एक शब्द बोललं नाही, चांगला नाही की वाईट नाही.

हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. आता हेच नऊ सेकंद एखाद्या क्रीडापटात घालून बघा. पाय घसरायच्या आधी गती मंदावेल. आईचा चेहरा येईल, मग गावाकडची विहीर येईल, मग कुणीतरी मेलेलं. म्हणजे माझा पाय मुरमावरून घसरला नाही, तर भूतकाळावरून घसरला. पाय नुसता घसरू शकतो, एवढी साधी गोष्ट या सिनेमांना पचत नाही. मूळ लेखात मी हेच म्हणत होतो. तुम्ही बहुधा वजनगटापाशीच थांबलात.

'भाग मिल्खा भाग' घ्या. रोम, १९६०, चारशे मीटर, चौथा क्रमांक. कांस्य दशांश सेकंदानं हुकलं. सिनेमा सुरूच या शर्यतीपासून होतो, आणि मिल्खासिंग धावता धावता मागे वळून बघतात ते थेट फाळणीकडे. फाळणी खरी, आईवडिलांची हत्या खरी, ती जखम कुणी नाकारत नाही, मी तर नाहीच नाही. पण शर्यतीत माणूस चौथा येतो याला एक साधं कारणही असतं. पुढचे तिघे त्याच्यापेक्षा जोरात पळालेले असतात. त्या दिवशी पहिल्या दोघांनी, ओटिस डेव्हिस आणि कार्ल कॉफमन यांनी, ४४.९ सेकंदांचा विश्वविक्रम केला. दोघांची वेळ एकच, निकाल छायाचित्र बघून लावला. केवढी शर्यत असेल ती! आता हा सिनेमा पाहून डोळे पुसत बाहेर पडलेल्या दहा जणांना ओटिस डेव्हिस कोण ते विचारा.

माझी खरी तक्रार ही आहे. क्रीडापटात समोरचा माणूस नसतोच. असतो तो एक अडथळा, गोरा किंवा उर्मट, शक्यतो दोन्ही. 'दंगल'मध्ये अंतिम कुस्ती शेवटच्या क्षणापर्यंत ताणली आहे, आणि शेवटी पाच गुणांचा डाव बसतो. प्रत्यक्षात गीतानं ऑस्ट्रेलियाच्या एमिली बेन्स्टेडला एकतर्फी हरवलं होतं. बापाला खोलीत कोंडून ठेवल्याचा प्रसंगही रचलेला. पोरगी इतकी भारी होती की अंतिम फेरी एकतर्फी झाली, ही गोष्ट सिनेमाला पुरेशी वाटली नाही! म्हणजे आपण तिचं कौतुक करायला जातो आणि तिचा खेळ होता त्यापेक्षा कमी करून दाखवतो. आमच्या भागात आखाड्यावर कुस्ती बघणारी म्हातारी माणसं एका मिनिटात चितपट झालेल्या कुस्तीबद्दल तासभर बोलतात. पट कसा काढला, हात कुठे होता, खालच्यानं मान कधी सोडली. त्यांना रडारड लागत नाही.

'चक दे! इंडिया' बघताना डोळ्यांत पाणी आलं नसेल तर मी माणूसच नाही, असंही तुम्ही लिहिलंय. आलं होतं. एसटी स्टँडवर मुलीला सासरी पाठवणारा अनोळखी बाप दिसला तरी मला येतं. त्याला मी श्रेष्ठ कलाकृती म्हणत नाही. आणि विषय निघालाच आहे तर, सिनेमातला प्रशिक्षक कबीर खान आणि खरे हॉकीपटू मीररंजन नेगी यांच्यातलं साम्य सगळ्यांनाच दिसलं, सिनेमातल्या मुलींना हॉकी शिकवायलाही नेगीच होते. नेगी १९८२ च्या दिल्ली आशियाडमध्ये भारताचे गोलरक्षक. पाकिस्ताननं ७-१ असं हरवलं. सिनेमातला कबीर खान मात्र गोलरक्षक नाही, तो पेनल्टी स्ट्रोक हुकवतो. फरक लक्षात घ्या. एक हुकलेला फटका नायकाला शोभतो. सात वेळा मागे वळून जाळ्यातला चेंडू काढणारा माणूस पडद्यावर झेपत नाही. मला मात्र त्याचाच सिनेमा बघायचा आहे. चौथा गोल झाल्यावर पाचव्यासाठी माणूस उभा कसा राहतो? हे मला कुणी दाखवलं तर माझा लेख मी मागे घेईन.

बाकीचे मुद्दे थोडक्यात उरकतो.

'लगान'मुळे क्रिकेट न कळणाऱ्यांनाही सामना कळला, हे मान्य. कथा १८९३ ची आहे आणि तेव्हा इंग्लंडात षटक पाच चेंडूंचं असे, षटकारासाठी चेंडू मैदानाच्याच बाहेर जावा लागे, नुसती सीमारेषा ओलांडून भागत नसे. त्या हिशेबानं भुवनचा शेवटचा फटका कितीचा धरायचा ते तुम्ही बघा. हे किरकोळ आहे, मला ठाऊक आहे. पण वजनगटावर एक अख्खा परिच्छेद लिहिणाऱ्या माणसाला किरकोळाचं वावडं नसावं.

'रॉकी' (१९७६) मध्ये नायक शेवटी हरतो आणि तरी सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, हे खरं. त्यातला प्रतिस्पर्धी अपोलो क्रीड नुसता अडथळा नाही, त्याला स्वतःचा रुबाब आहे, विनोद आहे, हेही तुम्ही म्हणता. असेल. एका सिनेमानं नियम बदलत नाही. 'रेजिंग बुल'बद्दलचा तुमचा परिच्छेद चांगला आहे, पण तो सिनेमा मुष्टियुद्धावरचा आहे असं मला कधी वाटलंच नाही, तो एका संशयी नवऱ्यावरचा आहे. 'झुंड'वर स्वतंत्र लिहायचं आहे, तेव्हा तो आत्ता नको. आणि "प्रेक्षकांना आवडतात म्हणजे काहीतरी असेलच" याला उत्तर देत नाही. रात्री पावणेदोनला लिहिलं असावं म्हणून सोडून देतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त माझ्या वयाबद्दलचा शब्द गाळला आहे. तो चुकीचा होता म्हणून नव्हे.

एक विचारायचं राहिलं. "मी स्वतः ९२-९३ ला कॉलेजच्या संघातून खेळलोय" असं तुम्ही ओघात लिहून गेलात, पण कुठला खेळ ते लिहिलं नाहीत. खो-खो असेल, आणि तुम्ही आक्रमणात असाल, तर जरूर कळवा.