हिरवा शिक्का नको, सिलिंडरचं बिल द्या

डोकं फिरलंय आज, म्हणून लिहितोय. लांबणार आहे, आधीच सांगतो.

आमची कंपनी लहान. सगळे एका खोलीत मावतो. नफ्यातला थोडा हिस्सा आम्ही हवेतला कार्बन डायऑक्साइड काढून घेण्याच्या संशोधनाला देतो. आज हिशेबाच्या बैठकीला एक सल्लागार आले होते. त्यांनी तो आकडा पाहिला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "यातून किती टन कार्बन डायऑक्साइड निघाला?" मी म्हटलं, शून्य. ते हसले, अगदी कीव आल्यासारखे. "अहो, एवढ्या पैशांत ढीगभर कार्बन क्रेडिट्स आली असती. वेबसाइटवर 'कार्बन न्यूट्रल'चा हिरवा शिक्का लावला असता, गिऱ्हाईकही खूश झालं असतं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

तो शिक्का कसा मिळतो ते सांगतो. क्रेडिट म्हणजे दुसऱ्याने कुठेतरी एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याची विकत मिळणारी पावती. अशा पावत्या घेऊन आपलं उत्सर्जन भरून काढलं म्हणायचं, की झालो 'कार्बन न्यूट्रल'. मुळात जे जंगल कुणी तोडणारच नव्हतं, ते 'वाचवलं' म्हणून विकायचं, आपण ते स्वस्तात घ्यायचं आणि शांत झोपायचं. सगळीच क्रेडिट्स तशी नसतात, मान्य. पण स्वस्तातली बरीचशी तशीच असतात आणि लहान कंपन्यांच्या गळ्यात नेमकी तीच मारली जातात.

आता आमचे पैसे गेले कुठे ते सांगतो. एका विद्यापीठातली छोटी प्रयोगशाळा आहे. तिथल्या संशोधक बाई अमाइनचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडला चिकटणाऱ्या रसायनाचा, लेप दिलेल्या सच्छिद्र दाण्यांवर काम करतात. दाण्यांवरून हवा सोडायची, ते कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात. मग तापवले की सोडतात. पुन्हा हवा, पुन्हा उष्णता. ऐकायला सोपं, पण हवेत हा वायू असतो जेमतेम 0.04 टक्के. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात तो 12 ते 15 टक्के असतो. एवढा विरळ वायू धरायचा तर दाणे हजारो वेळा तापून-निवूनही टिकायला हवेत.

ते टिकले नाहीत. तापवताना आत राहिलेल्या ऑक्सिजनने अमाइन सडवलं. बाईंनी आम्हाला सगळा अहवाल पाठवला. पकड फेरीगणिक कशी घसरत गेली त्याचा आलेख, आणि सोबत दोन बाटल्यांचा फोटो. एकीत नवे दाणे, पांढरेशुभ्र. दुसरीत वापरलेले, जुन्या वर्तमानपत्रासारखे पिवळट तपकिरी. खाली एक ओळ: "कुठे बिघडतं ते आता नक्की कळलं आहे."

मला सांगा, कुठला क्रेडिट विकणारा असलं पत्र पाठवतो?

आणि आमच्या पैशांतून घेतलं काय, तर वायू मोजणारं यंत्र अचूक मोजतंय ना ते तपासायला लागणारा गॅसचा सिलिंडर आणि एका विद्यार्थ्याचं काही महिन्यांचं मानधन. सिलिंडरवर कुणाच्या नावाची पाटी लागत नाही. मोठा निधी मागायला गेलं की समिती म्हणते, आधी प्राथमिक निष्कर्ष दाखवा. ते काढायला पैसे कोण देणार, हे मात्र कुठलीच समिती सांगत नाही. ही जी फट आहे ना, तिथे लहान कंपनी कामाला येते. आम्हाला समिती नाही. दुपारी ठरवलं, संध्याकाळी पैसे गेले.

'किती टन' विचारणाऱ्यांनी आइसलँडकडे बघावं. तिथे 2012 मध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्ट खडकात सोडला. जेमतेम दोन-अडीचशे टन. हिशेबाच्या वहीत किरकोळच म्हणायचं! पण 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा कळलं, 95 टक्क्यांहून जास्त वायूचा दोन वर्षांच्या आत दगड झाला होता. याला शेकडो वर्षं लागतील असा समज होता. काय भाव लावणार त्या अडीचशे टनांना?

ऑनलाइन पैसे भरण्याची सेवा देणाऱ्या स्ट्राइप कंपनीने 2019 मध्ये जाहीर केलं होतं की कार्बन काढून घेण्यासाठी वर्षाला किमान 10 लाख डॉलर देऊ, टनाची किंमत कितीही असो. पुढच्या वर्षी त्यांनी क्लाइमवर्क्स या हवेतून कार्बन डायऑक्साइड काढणाऱ्या कंपनीला टनामागे 775 डॉलर मोजले. वेडेपणाच वाटला असेल कित्येकांना. मग विक्रीतला छोटा हिस्सा या कामाकडे वळवायची सोय त्यांनी लहान व्यावसायिकांनाही दिली आणि 2022 मध्ये इतर कंपन्यांना जोडून 92.5 कोटी डॉलरच्या खरेदीची हमी उभी केली. स्ट्राइप काही लहान नाही, ठाऊक आहे मला. पण कुणीतरी आधी महाग घ्यावं लागतं.

हो, क्लाइमवर्क्सच्या ओर्का प्रकल्पाची वर्षाची क्षमता 4000 टन, म्हणजे जगाच्या साडेतीन सेकंदांच्या उत्सर्जनाएवढी. हे मलाही बोचतं. उत्सर्जन कमी करणं आधी, हे मलाही मान्य. आणि तेल कंपन्या याच तंत्राकडे बोट दाखवून विहिरी चालू ठेवतात, कारखान्यांतून पकडलेला वायू जमिनीत ढकलून उरलंसुरलं तेल वर काढतात. त्यांच्याविषयी लिहायला बसलो तर शिव्याच येतील. म्हणूनच हे संशोधन त्यांच्या पैशांवर सोडून चालणार नाही ना! ज्याला तेल विकायचंय तो 'कुठे बिघडतं ते कळलं' अशी ओळ छापू देईल का?

राग थोडा उतरला लिहिता लिहिता. सल्लागार माणूस वाईट नाही, त्यांना टन मोजायचेच पैसे मिळतात. पण तो फोटो मी छापून खोलीत लावलाय आणि नवीन येणारा प्रत्येक जण विचारतो, हे काय आहे. मग मी सुरू होतो. बिचारे ऐकतात.

तुमच्यापैकी ज्यांची छोटी कंपनी आहे त्यांनी एखाद्या प्रयोगशाळेला फोन करून बघा. टन विचारू नका. कुठलं बिल अडलंय ते विचारा. आमच्या बाईंना आता ऑक्सिजन आधी पूर्ण उपसून, वाफेवर दाणे तापवून बघायचेत. त्यासाठी निर्वात पंप लागतो. भागीदार कुरकुरतोय, यंदा धंदा बेताचा आहे म्हणतो. कुरकुरू दे. पंपाचं कोटेशन आलंय, उद्या त्याच्याकडून सही घेणार आहे.