सपोर्ट वर्कर कोणाशी बोलतो? तुमच्याशी की त्याच्याशी?

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तिघींनी मला हेच विचारलं, घरातल्या अपंग माणसासाठी मदत देणारी एजन्सी कशी निवडायची, चांगली आहे की नाही हे आधी कसं ओळखायचं. तिघींनाही फोनवर तास तास सांगून झालं म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. पोस्ट मोठी झालीये पण ज्यांना गरज आहे ते वाचतीलच.

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. वय २९. व्हीलचेअर वापरतो, तोंडाने शब्द उमटत नाहीत, अक्षरांच्या बोर्डवर नजरेने बोलतो, वर बघितलं की हो आणि डोळे मिटले की नाही. त्याला सगळं समजतं. हे वाक्य मी आजपर्यंत किती लोकांना सांगितलंय त्याची गणतीच नाही. उठवणं, आंघोळ, टॉयलेट, कपडे, भरवणं, खुर्चीत बसवणं, सगळ्याला दुसऱ्याचे हात लागतात. आईबाबा थकले तेव्हा पहिल्यांदाच बाहेरची मदत घ्यायचं ठरलं आणि निवड मी केली. एकटीने. चार ठिकाणी फोन केले, दोन ठिकाणी जाऊन आले, एका एजन्सीचं ऑफिस नीटनेटकं, बोलणारी बाई गोड, फाइल व्यवस्थित, तिथेच सही करून आले आणि घरी येऊन भावाला सांगितलं की सोमवारपासून एक माणूस येणारे.

सात महिने ते चाललं. बोट ठेवून दाखवता येईल असं वाईट काहीच घडलं नाही. माणसं मात्र सारखी बदलत राहिली, आणि दारातून आत आलेला प्रत्येक नवा माणूस मला विचारायचा, "यांचं जेवण झालं का? यांना झोप लागली का रात्री?" आणि तो तिथेच, दोन हातांच्या अंतरावर बसलेला. हळूहळू भाऊ बोर्डकडे बघेनासाच झाला. आम्हाला वाटलं तब्येतीचं काहीतरी असेल, डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मग एका रात्री मी बोर्ड धरून नुसती बसून राहिले, तेव्हा त्याने एकेक अक्षर करत सांगितलं, "मला कोणी विचारत नाही". त्या चार शब्दांना बराच वेळ लागला आणि त्या "कोणी"मध्ये मीसुद्धा होते हे मला तिथल्या तिथे कळलं.

म्हणून पहिलं सांगणं हेच की ज्याला मदत लागणारे तो माणूस पहिल्या भेटीपासून त्या खोलीत हवा. आणि तो तिथे असताना फक्त एक गोष्ट बघायची, समोरचा कोणाशी बोलतो. माझ्या भावाला एका उत्तराला कधी दहा सेकंद लागतात, कधी मिनिटभर. ज्याला हे काम खरंच येतं तो विचारतो आणि थांबतो, नजर त्याच्यावरच ठेवून थांबतो. ज्याला येत नाही तो दोन सेकंदांत माझ्याकडे वळतो. बास. ब्रोशर, सर्टिफिकेटं, फोटो, सगळं त्यानंतर.

कोणी म्हणेल की आमच्या माणसाला बौद्धिक अपंगत्व आहे, त्याला एजन्सी वगैरे काय कळणार. मला हे पटत नाही. करारातली कलमं कदाचित नाही कळणार, पण कोणाच्या हातांची भीती वाटते आणि कोण जवळ बसलं की अंग सैल पडतं हे कळायला कलमं लागत नाहीत. त्याला घेऊन जा, तिथे तासभर बसा, चेहरा बघा, श्वास बघा, हात घट्ट मिटलेत का बघा. फोटो दाखवून दोनातलं एक निवडायला सांगा. एकाच दिवशी ठरवू नका, पुन्हा विचारा.

हा माझा भावनिक हट्ट आहे असं वाटत असेल तर सांगते, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ ला मंजूर झाला आणि मे २००८ पासून लागू आहे, त्याचं १९वं कलम सरळ म्हणतं की कुठे राहायचं, कोणासोबत राहायचं हे निवडायचा हक्क इतरांइतकाच अपंग माणसाला आहे आणि त्यासाठी लागणारी माणसाची मदतसुद्धा त्याला मिळायला हवी. त्याच्याही कितीतरी आधी, १९७२ मध्ये अमेरिकेत बर्कलीला अपंग लोकांनी स्वतः सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग सुरू केलं. त्यातले एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झालेला, मानेखालचं शरीर जवळजवळ हलत नव्हतं, श्वासालाही यंत्र लागायचं. त्या लोकांचं म्हणणं होतं की मदतनीस कोण असावा, त्याने काम कसं करावं आणि जमत नसेल तर त्याला काढायचं का, हे मदत घेणाराच ठरवणार. पन्नास वर्षांपूर्वी श्वासाच्या यंत्रावरचा माणूस हे म्हणू शकला, आणि मी माझ्या भावाला सोमवारपासून कोण येणार ते नुसतं कळवलं होतं.

आता कामाचं बोलते. एजन्सीला मी सगळ्यात आधी जो प्रश्न विचारते तो हा, की ठरलेला माणूस सकाळी सात वाजता आला नाही तर काय? या प्रश्नाला "असं होत नाही आमच्याकडे" हे उत्तर मिळालं तर मी उठते. असं सगळीकडे होतं, माणूस आजारी पडतो, त्याच्या घरी काही होतं. विचारायचं असतं ते हे, की कोण फोन करतं, किती वेळात, बदली माणूस कोण, तो आधी एकदा तरी घरी येऊन गेलाय का, भावाचं हो आणि नाही त्याला माहीत आहे का. ज्याला रोज स्वतः उठून बसता येतं त्याला हा प्रश्न किरकोळ वाटेल. जो अंथरुणात पडून दाराकडे कान लावून वाट बघतोय आणि ज्याला टॉयलेटला जायचंय त्याला विचारा. आमच्याकडे असे अकरा वाजलेले आहेत.

दुसरं म्हणजे तोंडी उत्तरांवर जाऊ नका, करून दाखवा म्हणा. खुर्चीतून पलंगावर कसं घेणार ते दाखवा, होइस्ट म्हणजे माणसाला उचलायचं यंत्र असेल तर पट्टा कसा लावता ते दाखवा, त्याला आधी सांगून उचलता की सामानासारखं उचलता ते तिथेच दिसतं. भरवायची आमच्या थेरपिस्टने घालून दिलेली पद्धत आहे, पाठ ताठ, एक घास पूर्ण गिळल्याशिवाय दुसरा नाही, जेवल्यावर लगेच आडवं करायचं नाही, कारण घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. जो एका जागी पडून असतो त्याची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते नाहीतर बेडसोअर, आणि ते एकदा झाले की भरायला महिनेही जाऊ शकतात. आकडी येणाऱ्या माणसासाठी विचारा की आकडी आली तर काय कराल. कुशीवर वळवू, तोंडात काही घालणार नाही, घड्याळ बघू, पाच मिनिटांच्या वर गेली तर इमर्जन्सी, हे उत्तर न अडखळता यायला हवं. तोंडात चमचा घालू म्हणाला तर तो माणूस नको, ट्रेनिंग झालंय असं कितीही सांगू देत.

माणसं किती दिवस टिकतात हेही विचाराच. यावर लोक मला म्हणतात की तो त्यांचा अंतर्गत मामला आहे. नाही, तो आपलाच मामला आहे. जी एजन्सी वर्करला नीट पगार, नीट सुट्टी देत नाही तिथून माणसं पळतात, आणि मग माझ्या भावाला दर महिन्याला नव्या माणसासमोर कपडे काढावे लागतात. हे वाक्य लिहिताना मला त्रास होतोय पण ते असंच आहे. त्यामुळे पगाराचं सुद्धा मी तोंडावर विचारते. आणि आंघोळीला, टॉयलेटला पुरुष हवा की बाई, हे ज्याचं अंग आहे तो ठरवेल, एजन्सीची सोय नाही.

करार वाचताना शेवटचं पान आधी वाचा, म्हणजे सोडायचं कसं ते. किती दिवसांची नोटीस, पैसे अडकतात का, कागदपत्रं आणि रोजच्या नोंदी परत मिळतात का. राहायची जागा आणि रोजची मदत दोन्ही एकाच संस्थेकडून घेत असाल तर जास्तच जपा, कारण मदत आवडली नाही म्हणून तक्रार केली तर छपरावरही येऊ शकतं, आणि हे माहीत असल्यामुळे माणूस तक्रारच करत नाही. तक्रार कोणाकडे करायची हेही विचारून ठेवा, आणि ती व्यक्ती रोज घरी येणाऱ्या वर्करचीच वरिष्ठ असेल तर बाहेरचं कोणी आहे का ते बघा. औषधांच्या वेळा, पडणं, लागणं याची लेखी नोंद, वर्करची पार्श्वभूमी तपासलेली असणं, हे तर हवंच, त्यावर जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही महिनाभर घेतला. तीन एजन्सी घरी आल्या, मी मुद्दाम भिंतीला खुर्ची लावून मागे बसले. भावाने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, आदल्या दिवशीच ठरवून ठेवलेला, "मी चिडलो तर काय करशील?" एक जण म्हणाला समजूत काढेन. एक जण हसला आणि म्हणाला, तुम्ही कुठे चिडताय. तिसरा मुलगा जरा विचार करून म्हणाला, "आधी तू नीट बसलायस ना ते बघेन, मग बाहेर थांबेन, तू बोलावलंस की येईन." भाऊ बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला आणि मग वर बघितलं.

त्यालाही एक महिना ट्रायल दिला होता. आता पावणेदोन वर्षं झाली. भांडणं होतात दोघांची, परवाच शर्टावरून झालं, तो मुलगा खरंच बाहेर जाऊन थांबला. बोर्ड आता दिवसभर वापरात असतो.

पुढच्या महिन्यात करार संपतोय, त्या बैठकीत बोलायचे मुद्दे भाऊ स्वतः काढतोय. ज्यांना स्वतःला अशी मदत लागते त्यांनी कमेंटमध्ये लिहा ना, तुम्ही काय विचारलं होतंत, काय विचारायचं राहून गेलं. घरच्यांनी नंतर लिहा. मी सगळं त्याला वाचून दाखवणारे.