दोनशे सहा रुपये सदुसष्ट पैशांची मेथी

काल सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला : 'काही सभासद लिफ्टमधून जनावरांची विष्ठा वाहून नेत आहेत. बाब गंभीर आहे. सर्वांनी नोंद घ्यावी.' खाली तीन जोडलेले हात आणि एक गुलाब.

'काही सभासद' म्हणजे मी एकटी. आणि विष्ठा म्हणजे दहा किलो शेणखत. घोडबंदर रोडवरच्या नर्सरीतून आणलेलं, चांगलं मुरलेलं, गोणीत शिवलेलं, वरून पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. नीट कुजलेल्या शेणखताला शेणाचा वास येत नाही, मातीचा येतो. हे मी ग्रुपवर लिहिलं. उत्तरादाखल कोणीतरी नाक मुरडलेला चेहरा पाठवला आणि त्यावर अकरा जणांनी अंगठे उमटवले. पाणीकपातीच्या मेसेजलाही एवढे उमटत नाहीत.

ठाण्यात थंडी पडल्याचं आमच्याकडे पंख्यावरून कळतं. पाचावरचा तीनवर आला की आला हिवाळा. पण बाल्कनीत चार पानं पिकवणाऱ्याला तेवढाच काय तो हंगाम. रात्री फार उकडलं की टोमॅटोची फुलं धरत नाहीत, गळून जातात. कोथिंबीर गरम हवेत पानांचा नाद सोडून तडक फुलोऱ्यावर जाते. आमची बाल्कनी दक्षिणेची. डिसेंबरात सूर्य भरदुपारीही जेमतेम ४७ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन वरच्या स्लॅबखालून शिरून पार सोफ्यापर्यंत येतं. मे महिन्यात तोच सूर्य डोक्यावर, बाल्कनीत सावली आणि झाडं हिरमुसलेली. तेव्हा जे काय लावायचं ते आत्ता, आणि त्यासाठी खत हवं तेही आत्ता. ते सातव्या मजल्यावर लिफ्टनेच येणार, पंख फुटून नाही.

त्या दिवशी वॉचमनदादांनी गोणी लिफ्टमध्ये ठेवून दिली आणि दार मिटता मिटता एक काठी आत आली. काठीमागून चौथ्या मजल्यावरचे काका. बाहेर पंचवीस अंश, डोक्यावर माकडटोपी. काका एका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. खातं सुटलं, ऑडिट सुटलं नाही. पहिल्या मजल्यापर्यंत 'यंदा थंडी चांगली आहे' झालं. दुसऱ्याला त्यांनी काठीचं टोक गोणीत हलकेच खुपसलं.

"काय गं, गावाहून तांदूळ आले वाटतं?"

"नाही काका, शेणखत आहे."

खिशातून रुमाल निघाला, नाकावर गेला. "तरीच! मघापासून म्हणतोय, वास कसला मारतोय."

मघापासून ते तांदूळ हुंगत होते.

चौथा मजला आला. काका बाहेर पडले, काठी मात्र दारात आडवी ठेवून.

"केवढ्याला पडलं?"

"दीडशे."

"दीडशे? शेणाला?" रुमाल नाकावरून खाली आला. दुर्गंधीपेक्षा दर जास्त झोंबला असावा. "आणि काय लावणार त्यात?"

"मेथी, कोथिंबीर. जमलं तर टोमॅटो."

"कुंड्या केवढ्याच्या?"

इथेच मी 'येते काका' म्हणायला हवं होतं, पण काठी त्यांच्या हातात होती. लिफ्ट बोलू लागली, 'कृपया दरवाजा बंद कीजिए.' काकांनी मोबाईल काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कॅल्क्युलेटर उघडला. दोन लांबट कुंड्या सातशे. माती आणि कोकोपीट तीनशे. हे शेण दीडशे. निंबोळी पेंड नव्वद. बियाणं? बियाणं म्हणजे डब्यातले मेथीदाणे, म्हणाले सोड, ते किरकोळीत जाईल. एकूण बाराशे चाळीस.

"जुड्या किती निघतील?"

"सहाएक निघतील."

"दोनशे सहा रुपये सदुसष्ट पैसे." त्यांनी स्क्रीन माझ्यासमोर धरली. "एक जुडी. जांभळी नाक्याला दहाला मिळते. थंडीत मेथीला कुत्रं विचारत नाही."

"अहो, पण कुंड्या वर्षानुवर्षं टिकतात."

"मग घसारा धरू." त्यांचा चेहरा खुलला. बहुधा निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याकडे घसारा मागितला होता. "दहा टक्के. म्हणजे कुंड्यांचे सत्तर. अधिक पाचशे चाळीस. सहाशे दहा भागिले सहा. एकशे एक रुपये सदुसष्ट पैसे! बघ, निम्म्यावर आणून दिलं तुला."

"मातीसुद्धा पुन्हा वापरतात, काका."

"माती चालू खर्चात. तिला घसारा नाही." हे अशा ठामपणे की मी गप्पच बसले. "आणि तुझी मजुरी अजून धरलेलीच नाही."

'कृपया दरवाजा बंद कीजिए.' खालून कोणीतरी दार बडवायला लागलं. 'ओऽऽ, लिफ्ट सोडा!' काका जिन्याकडे तोंड करून ओरडले, "एक मिनिट! हिशोब चाललाय!"

मग त्यांना गाव आठवलं. रायगडातलं. "आमच्याकडे भात कापलं की शेताच्या ओलीवरच वाल टाकायचे. पाणी नाही, खत नाही, कोणी फिरकायचं नाही तिकडे. पौषात शेंगाच शेंगा. खर्च शून्य."

"अजून लावतात?"

"छे. जमीन विकली. सेकंड होम झाली तिथे. त्यातूनच तर हा फ्लॅट." आणि काठी उचलून ते गेले. लिफ्ट सुटली तेव्हा खाली सहाजण, एक दुधाचा क्रेट आणि एक रडणारं पोर थांबलेलं. विष्ठेची तक्रार या सहाजणांपैकी कोणी केली की काकांनी, ते अजून कळलेलं नाही. पण 'बाब गंभीर आहे' ही भाषा ऑडिट रिपोर्टाची आहे, एवढंच म्हणते.

राग शेणाच्या तक्रारीचा नाही, हिशोबाचाही नाही. हिशोब बरोबर आहे, तेच तर दुखतं. माझी मेथी येते तेव्हाच नाशिक-पुण्याकडून ट्रक भरभरून मेथी येते. जुलैत कोथिंबिरीची जुडी पन्नासला जाते तेव्हा माझ्या कुंडीत फक्त शेवाळ आणि गोगलगायी. आणि नातेवाईक विचारतात, 'आता भाजी विकत आणत नसशील ना?' परातभर मेथी कढईत पडली की वाटीभर होते. घरात माणसं चार. यंदा भोगीच्या भाजीला पावटा, गाजर, वांगी, ओला हरभरा सगळं मंडईतलं आणि माझ्या शेतातले टोमॅटो तीन. त्यातला एक बुलबुलानं आधीच चाखलेला.

राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा, हा नियम २०१६ पासून आहे. आम्ही त्यासाठी खताचे दोन मोठे पिंप घेतले. नारळ फोडला, फोटो काढले, पेढे वाटले. आज एका पिंपात गणपतीच्या मखराचं थर्माकोल आहे आणि दुसऱ्यावर वॉचमनदादांचा टॉवेल वाळतो. दीडशे घरांच्या भाज्यांची देठं, केळ्यांची सालं, चहाचा चोथा रोज गाडीत बसून गावाबाहेर जातो आणि मी पैसे मोजून गावाबाहेरून शेण आणते. वास मात्र माझा येतो. समोर बत्तीस मजल्यांचा टॉवर उठतोय. त्याची सिमेंटची भुकटी माझ्या मेथीवर रोज अशी बसते की पानं तीनदा धुवावी लागतात. शेजारणीच्या घरात खोकला हलत नाही. त्याबद्दल ग्रुपवर एक शब्द नाही, कारण टॉवर झाला की आपलेही दर वाढणार. अजून आठ-दहा मजले चढले की डिसेंबरचं ऊन माझ्या बाल्कनीत येणार नाही. पालेभाजीला चार-पाच तास तरी ऊन लागतंच. कमिटीत विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, उन्हाचं काय, टेरेसवर या ना."

टेरेसला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरींकडे.

आज दुपारी बेल वाजली. वॉचमनदादा. हातात काकांची तुळस, अर्धी वाळलेली, खोडाला पिठ्या ढेकूण लागलेली. सोबत चिठ्ठी, बँकेतल्यासारख्या रेखीव अक्षरात : 'मातीत ते दोन मुठी घालून देणे. रक्कम कळवणे. कुंडी परत आणताना कृपया जिन्याने आणावी, लिफ्टमध्ये वास राहतो.'