‘अपोक्रिफा’बद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

‘अपोक्रिफा म्हणजे खोटी पुस्तकं, इ.स. 325 मध्ये निकेया परिषदेने ती बायबलमधून काढली आणि चर्चने लपवून ठेवली,’ असा मेसेज सध्या ग्रुपवर फिरतोय. तो बरोबर नाही. अपोक्रिफा म्हणजे काही ख्रिस्ती पंथ बायबलचा भाग मानतात आणि काही मानत नाहीत, अशी पुस्तकं.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘झाकलेलं, गुप्त’. ‘खोटं’ ही छटा नंतरच्या वादांतून चिकटली. निकेयात जमलेल्या बिशपांपुढे मुख्य वाद एरियस या धर्मगुरूच्या मताचा (येशू देवपित्याच्या बरोबरीचा नाही) होता, शिवाय ईस्टरच्या तारखेचा. परिषदेचे 20 नियम आजही वाचायला मिळतात. त्यांत पुस्तकांची यादीच नाही.

जी पुस्तकं ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथसंग्रहात नव्हती, त्यांना चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोमने ‘अपोक्रिफा’ हा शब्द लावला. प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरने 1534 च्या जर्मन बायबलमध्ये ती वेगळी काढली, पण छापली. 1546 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने त्यांतली बहुतेक पवित्र शास्त्र म्हणून कायम केली. लपवलेली कुठे? त्यांपैकीच एक असलेल्या टोबीटच्या पुस्तकात तोबियास आणि सारा लग्नाच्या रात्री मिळून प्रार्थना करतात. तो उतारा कॅथलिक लग्नविधीच्या वाचनांत आजही आहे. वसई-गोव्यातल्या कितीतरी कुटुंबांच्या श्रद्धेचा हा भाग आहे, म्हणून ‘खोटी’ हा शब्द जास्त खटकतो.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.